एक ओळ भुकेल्यासाठी

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. मी आणि सौ. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मुलीकडे मुक्कामाला होतो. तिच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. तेथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत गोठवणाऱ्या रात्रींचे भय असते. पण एकदा उन्हाळा लागला की तीच जमीन भरभरून देऊ लागते. त्या वर्षी मांडवावर दुधी आणि कारली इतकी लगडली होती की, घरात दुधीची भाजी, दुधीचे थालीपीठ आणि दुधीचा हलवा असा सप्ताहच चालू होता. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत वाटून झाले, तरी टोपली रिकामी होईना. तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, गावात एक फूड पँट्री आहे. उरलेले तिथे नेऊन देऊ या."

पँट्री म्हणजे गरजूंना विनामूल्य शिधा देणारे केंद्र. एका चर्चच्या तळघरातील सभागृहात ते भरत असे. भिंतीलगतच्या मांडण्या डबाबंद पदार्थांनी भरलेल्या होत्या. डब्यातले वाटाणे, डब्यातले मके, डब्यातले सूप, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या. एका टेबलावर मात्र 'ताजी भाजी' अशी पाटी होती आणि त्या टेबलावर चार कांदे नि थोडे बटाटे एवढेच होते. सत्तरीच्या घरातील एका स्वयंसेविकेने आमचे हसून स्वागत केले. तान्हे मूल घ्यावे तसा एक दुधी तिने दोन्ही हातांवर घेतला आणि विचारले, "हे काय आहे? आणि हे शिजवतात कसे?"

मुलीने कृती सांगितली. त्या बाईंनी ती एका कागदावर लिहून घेतली आणि टोपलीला चिकटवली. कारल्याची चव कशी असते हे ऐकल्यावर मात्र त्यांनी दोनच कारली ठेवून घेतली. आम्ही निघालो तेव्हा त्या अतिशय मृदू स्वरात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बियाणे पेरण्याआधी आम्हाला एकदा फोन कराल का? इथे येणाऱ्यांना गाजरे हवी असतात, टोमॅटो हवे असतात. ताजी गाजरे आमच्याकडे फार क्वचित येतात."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उपदेशही नव्हता. तरी परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. अखेर सौ. म्हणाल्या, "आपण दान कुठे केलं? आपण अडगळ काढली." हे वाक्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही आणि या लेखाचे निमित्तही तेच आहे.

संपन्नतेच्या सावलीतील भूक

अमेरिकेसारख्या देशात भुकेले लोक असतात, हे ऐकून आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एकाला ते खरेच वाटत नाही. दुसऱ्याला त्यात एक प्रकारचे समाधान वाटते. भोगवादी व्यवस्थेचे हे अपयश आहे, असे म्हणून तो विषय मिटवून टाकतो. दोन्ही प्रतिक्रियांत विचाराचा आळस आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अहवालानुसार २०२३ साली तेथील १३.५ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख कुटुंबांना वर्षभरात केव्हा ना केव्हा पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. हे सारे लोक रस्त्यावर राहणारे नाहीत. त्यांतील कित्येक नोकरी करणारे आहेत. घरभाडे चुकवता येत नाही, औषध टाळता येत नाही, गाडीत इंधन नसेल तर कामावर जाता येत नाही. हात आखडता घेता येतो तो फक्त किराण्यात. त्यातही पहिली काट बसते ती ताज्या भाजीला आणि फळांना. पोट भरणारे स्वस्त पदार्थ घरात येतात, पोषण देणारे बाहेर राहतात.

या अवस्थेला तेथील समाजाने दिलेले एक उत्तर म्हणजे फूड बँका आणि फूड पँट्री. हे दोन शब्द आपल्याकडे सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांत भेद आहे. फूड बँक हे घाऊक कोठार होय. कारखानदार, मोठी दुकाने, शेतकरी आणि शासन यांच्याकडून टनावारी येणारे अन्न तेथे साठवले जाते. पँट्री हे वस्तीतले लहान केंद्र. कोठारातून माल आणून ते गरजू कुटुंबाच्या हाती शिधा ठेवते. 'फीडिंग अमेरिका' या एकाच संस्थेच्या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आणि सुमारे ६० हजार पँट्री व भोजनकेंद्रे आहेत. यांतील पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी उभी केली. झाडांवर वाया जाणारी संत्री-लिंबे गोळा करून ती निराधारांच्या भोजनगृहांना पोहोचवणे, हा त्यांचा आरंभीचा उद्योग होता. म्हणजे कोठारांच्या या प्रचंड जाळ्याच्या मुळाशी झाडावरची ताजी फळेच होती. पुढे व्याप वाढला तशी डब्यांची संख्या वाढली आणि फळे-भाज्या मागे पडल्या.

एका स्तंभलेखकाची विनंती

ही उणीव भरून काढण्याची एक अगदी साधी कल्पना अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्कात जन्माला आली. अलास्का म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येते, भाजी येत नाही. पण जूनमध्ये तेथील अँकोरेज शहरात सूर्य एकोणीस तास मावळत नाही आणि त्या प्रकाशात कोबीचे गड्डे अवाढव्य वाढतात. २०१२ साली पामर येथील राज्यजत्रेत १३८ पौंडांचा, म्हणजे ६२ किलोंहून अधिक वजनाचा कोबी तोलला गेला होता! अशा या अँकोरेजमध्ये जेफ लोवेनफेल्स नावाचे एक वकील 'अँकोरेज डेली न्यूज' या दैनिकात बागकामावर स्तंभ लिहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आपल्या वाचकांना एक विनंती केली. शहरात 'बीन्स कॅफे' नावाचे निराधारांचे भोजनगृह आहे. त्याच्यासाठी प्रत्येकाने आपल्या बागेत भाजीची एक ओळ अधिक लावावी.

वाचकांनी ती मनावर घेतली. १९९५ साली बागकामावर लिहिणाऱ्या लेखकांच्या राष्ट्रीय संघटनेने हीच कल्पना देशभर नेली आणि 'प्लँट अ रो फॉर द हंग्री', म्हणजे 'एक ओळ भुकेल्यासाठी', हे तिचे नाव झाले. या आवाहनातून अमेरिकेतील बागकाम करणाऱ्यांनी आजवर दोन कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे नऊ हजार टनांच्या घरात भाजीपाला दिला आहे. या उपक्रमाला इमारत लागली नाही, मोठा निधी लागला नाही. आम्हा पत्रकारांनी आपल्या लेखणीच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ व्याख्याने दिली-ऐकली आहेत. पण एका स्तंभलेखकाच्या एका विनंतीतून एवढे धान्य-भाजी ताटात पडल्याचे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

या विनंतीतील शब्दयोजना ध्यानात घेण्यासारखी आहे. "उरले तर द्या," असे लोवेनफेल्स यांनी म्हटले नाही. "एक ओळ अधिक लावा," असे म्हटले. उरलेले देण्यासाठी काहीच करावे लागत नाही. उलट ते दिले की आपलीच सोय होते. अधिकची ओळ लावायची तर मार्च महिन्यातच निर्णय घ्यावा लागतो. बियाणे जास्त आणावे लागते, आणखी दहा फूट जमीन खणावी लागते, निंदणी करावी लागते, हरणांपासून राखण करावी लागते. ज्याला ते अन्न मिळणार आहे त्या अनोळखी माणसाची आठवण पाच-सहा महिने मनात बाळगावी लागते. परसबागेच्या कामाचे या उपक्रमात व्रत होते ते या ठिकाणी.

टोपलीपासून ताटापर्यंत

अर्थात केवळ सद्भावनेने भाजी ताटापर्यंत पोहोचत नाही. पँट्रींनी डबाबंद वस्तूंवर भिस्त ठेवली त्यालाही कारण होते. बहुतेक केंद्रे चर्चच्या तळघरांत, शाळांत, समाजमंदिरांत चालतात. कित्येक केंद्रे आठवड्यातून एक वा दोनच दिवस उघडतात. शीतकपाट असेलच असे नाही. शुक्रवारी आलेली पालेभाजी मंगळवारच्या वाटपापर्यंत टिकणार कशी? म्हणून वर्षानुवर्षे 'टिकाऊ पदार्थच आणावेत' अशा सूचना लावल्या गेल्या आणि पँट्रीला ताजे चालतच नाही, असा समज लोकांत रुजला. इकडे परसात भाजी सडत होती आणि तिकडे डब्यातली भाजी वाटली जात होती. दोहोंमध्ये कधी कधी दोनच रस्त्यांचे अंतर होते.

आणखी एक अडचण होती. दिलेल्या पदार्थाने कोणाला अपाय झाला तर आपण न्यायालयात खेचले जाऊ, ही अमेरिकी माणसाची सनातन भीती! ती घालवण्यासाठी १९९६ साली तेथील संसदेने एक कायदा केला. बिल इमर्सन या दिवंगत संसदसदस्यांचे नाव त्याला दिले आहे. जो सद्हेतूने, खाण्यायोग्य अन्न सेवाभावी संस्थेला देतो, त्याच्यावर घोर हलगर्जीपणा वा हेतुपूर्वक अपाय यांखेरीज दावा चालू शकत नाही, असे संरक्षण या कायद्याने दिले. समाजाला दान करावेसे वाटत असेल तर राज्यव्यवस्थेने त्याच्या वाटेतले काटे दूर करावेत, याचे हे चांगले उदाहरण होय.

राहिला प्रश्न माहितीचा. तो न्यू जर्सीतच सुटला. वेस्ट मिलफर्ड येथील गॅरी ओपेनहायमर या बागकामाच्या जाणकाराने २००९ साली 'ॲम्पल हार्वेस्ट' ही संस्था सुरू केली. ती स्वतः एक किलोही भाजी उचलत नाही. कोणत्या गावात कोणती पँट्री ताजी भाजी घेते, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेला घेते, एवढीच माहिती ती बागवाल्यांना पुरवते. देशभरातील हजारो पँट्री तिच्या यादीत आहेत. भाजी सकाळी तोडायची आणि दुपारच्या वाटपाला पोहोचवायची, असा मेळ बसला की शीतकपाटाची गरजच उरत नाही. ज्ञान हेही शिध्याइतकेच मोलाचे असते, हे त्या गृहस्थाने ओळखले.

काय लावावे, यालाही शास्त्र आहे. गाजर, बीट, कोबी, कांदा, बटाटा आणि आपल्या लाल भोपळ्याच्या जातीची कठीण सालीची फळे चार दिवस सहज टिकतात, म्हणून पँट्रीला ती सोयीची. दहा फुटांच्या एका ओळीतून चार किलोंच्या आसपास गाजरे निघतात. टोमॅटो नाजूक असतो, पण तो सर्वांना हवा असतो; पूर्ण पिकण्याच्या थोडे आधी तोडला तर प्रवास सोसतो. सगळे बियाणे एकदम न पेरता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरले तर भाजी एकाच आठवड्यात कोसळत नाही, हंगामभर येत राहते. माती झटकून, रोगट पाने काढून, आपण आपल्या घरात नेऊ अशीच भाजी द्यायची असते.

हा शेवटचा नियम सांगायची वेळ का येते? कारण माणूस सगळीकडे सारखाच असतो. अमेरिकेत आपल्या काकडी-दोडक्यासारखी दिसणारी झुकिनी नावाची भाजी आहे. ऑगस्टमध्ये ती इतकी येते की, लोक गमतीने ८ ऑगस्ट हा 'शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवण्याचा दिवस' म्हणून पाळतात. पँट्रींच्या टेबलांवरही त्या महिन्यात झुकिनीच झुकिनी असते. आमची दुधीची टोपली ही त्याच झुकिनीची मराठी बहीण होती.

वार लावलेले ताट

त्या रात्री मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते कोकणातून शिकण्यासाठी पुण्यात आले तेव्हा घरची परिस्थिती बेताची होती आणि अनेक गरीब विद्यार्थ्यांप्रमाणे तेही वार लावून जेवत. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. आजच्या तरुण वाचकांना ही पद्धत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे यजमान ठरलेले असत आणि त्या त्या दिवशी तो विद्यार्थी त्या घरचा मानला जाई.

वडील या सात घरांविषयी कृतज्ञतेनेच बोलत. पण उतारवयातही दोन घरांची आठवण ते वेगवेगळ्या स्वरात काढत. मंगळवारचे घर श्रीमंत होते. तेथे सर्वांची जेवणे झाल्यावर जे उरेल ते त्यांच्या पानात पडे. कधी सकाळची भाकरी, कधी तळाशी लागलेला भात. गुरुवारचे घर एका शाळामास्तरांचे होते. तेथे वरण पातळ असे, तूप दिसत नसे. पण त्या माउली दर गुरुवारी सकाळी तांदूळ घेतानाच एक मूठ अधिक घेत आणि मोठ्याने म्हणत, "आज आपला वारकरी मुलगा यायचा आहे." वडील म्हणत, "मंगळवारी माझं पोट भरे. गुरुवारी मी जेवत असे."

पोट भरणे आणि जेवणे यांतील हे अंतर एका मुठीचे आहे. ती मूठ आधी काढलेली असते, की शेवटी उरलेली, एवढाच प्रश्न आहे. आपल्या पूर्वजांना हे अंतर नीट ठाऊक होते. गृहस्थाने स्वतः जेवण्याआधी देव, पितर, प्राणिमात्र आणि अतिथी यांचा वाटा काढावा, ही पंचमहायज्ञांची कल्पना 'आधी' या एका शब्दावर उभी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांत जो मुष्टिफंड निघे, तोही दळणाआधी बाजूला काढलेल्या धान्याचा. ज्यू धर्मशास्त्रात शेताचे कोपरे न कापता गरिबांसाठी सोडावेत, असा दंडक आहे. तोही कापणी पूर्ण होण्याआधीच पाळायचा आहे. अलास्कातील त्या वकिलाने याच जुन्या शहाणपणाला परसबागेत जागा दिली.

आणि येथेच आपण स्वतःकडेही थोडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अन्नदान आपल्या रक्तात आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु आपल्या मध्यमवर्गीय घरांत आज जे दिले जाते, ते बहुधा कोणते असते? लग्नातला उरलेला भात, शीतकपाटातली कालची पोळी, मुदत संपत आलेले बिस्किटांचे पुडे. ते वाया घालवण्यापेक्षा देणे चांगले, यात वाद नाही. पण त्याला दान म्हणण्यापूर्वी सौ. चे ते वाक्य एकदा आठवावे, असे मला वाटते.

अमेरिकेतील आपल्या बांधवांनी या बाबतीत एक पाऊल टाकलेले आहे. २०१८ पासून तेथील अनेक हिंदू संस्था एकत्र येऊन दिवाळीच्या सुमारास 'सेवा दिवाळी' या नावाने खाद्यपदार्थ गोळा करतात आणि स्थानिक पँट्रींना देतात. हे पदार्थ विकत आणून, ठरवून दिलेले असतात, उरलेले नसतात. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. पण ते मुख्यतः टिकाऊ पदार्थ असतात आणि ती दिवाळी वर्षातून एकदा येते. ज्या घरांना परस आहे, आणि न्यू जर्सीसारख्या 'गार्डन स्टेट' म्हणवणाऱ्या राज्यात तो पुष्कळांना आहे, त्यांना मे ते ऑक्टोबर असा पाच महिन्यांचा काळ मोकळा आहे.

काही रास्त आक्षेप

या विचारावर आक्षेप येतील. ते रास्त आहेत, म्हणून त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, एका ओळीने भूक हटत नाही. खरे आहे. 'फीडिंग अमेरिका'च्याच हिशेबाने त्यांच्या जाळ्यातून एक जेवण जाते तेव्हा 'स्नॅप' या शासकीय अन्नसाहाय्य योजनेतून नऊ जेवणे जातात. अर्थसंकल्पीय तिढ्यामुळे अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प असताना २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात या योजनेचे पैसे रखडले, तेव्हा पँट्रींसमोर रांगा वाढल्या. शासनाने सोडलेली पोकळी परसबाग भरून काढू शकत नाही, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले. शासनाचे दायित्व शासनाकडेच राहिले पाहिजे. परंतु शासन रोख साहाय्य देईल, कार्ड देईल. सकाळी तोडलेले गाजर देणार नाही. ते शेजाऱ्यानेच द्यावे लागते.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. बियाणे, खत, पाणी, कुंपण आणि आपले श्रम यांची किंमत लावली तर परसातले गाजर दुकानातल्या गाजरापेक्षा महाग पडते. तेवढे पैसे फूड बँकेला दिले तर घाऊक खरेदीत कितीतरी अधिक अन्न येईल. हाही आक्षेप मी मान्य करतो. ज्याला एकच गोष्ट करता येण्यासारखी आहे त्याने पैसे द्यावेत, त्यात संकोच नको. पण ज्याच्याकडे बाग आहेच, कुंपण आहेच, ज्याची संध्याकाळ मातीत जातेच, त्याला एका अधिक ओळीचा खर्च किती? आणि पैसे देणाऱ्याला घेणाऱ्याची आवड विचारावी लागत नाही. भाजी लावणाऱ्याला ती विचारावी लागते. त्या विचारण्यानेच दोन अनोळखी माणसांत नाते जुळते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. दान घेणाऱ्याला मिंधे करते, असे पुष्कळ विचारी माणसांना वाटते. माझ्या वडिलांचा मंगळवार मला ठाऊक असल्यामुळे मी हा आक्षेप हसण्यावारी नेऊ शकत नाही. पण त्याच वडिलांचा गुरुवारही मला ठाऊक आहे. घेणारा मिंधा होतो की मानाने जेवतो, हे पुष्कळसे देणाऱ्याच्या रीतीवर अवलंबून असते. पाहुण्याला आपण "काय करू?" म्हणून विचारतो, भिकाऱ्याला विचारत नाही. गरजू माणसाला काय हवे ते विचारणे, म्हणजे त्याला पाहुण्याच्या पंक्तीत बसवणे होय.

मार्च महिन्यातला फोन

२०२४ च्या मार्चमध्ये, बाहेर अजून बर्फाचे डाग असताना, माझ्या मुलीने त्या पँट्रीला फोन केला आणि काय लावू म्हणून विचारले. गाजर, टोमॅटो आणि घेवडा, असे उत्तर आले. तिने दहा-दहा फुटांच्या तीन ओळी आखल्या. तिच्या सहा वर्षांच्या लेकाने आइसक्रीमच्या काडीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत 'त्यांचे' असे लिहून ती ओळीच्या टोकाला रोवली. त्या उन्हाळ्यात 'आपले' आणि 'त्यांचे' या दोन शब्दांचा घरातला अर्थ बदलला. 'त्यांच्या' ओळीतला टोमॅटो पहिल्यांदा पिकला तेव्हा नातवाने तो तोडू दिला नाही. "आजी, तो आपला नाहीये," असे त्याने सौ. ना दूरध्वनीवरून ठणकावून सांगितले. संस्कारांवर आपण पुष्कळ बोलतो. पाच रुपयांचे बियाणे आणि एक काडी यांनी तो इतका सहज होतो, हे मला नवे होते.

त्या फोनमध्ये आणखीही एक गोष्ट झाली. ठेवता ठेवता त्या वृद्ध स्वयंसेविका म्हणाल्या, "आणि त्या लांब हिरव्या भाजीचे एक-दोन नग आणता आले तर आणा. गेल्या वर्षी तुम्ही ठेवून गेलात, त्यानंतर एक जोडपे दर आठवड्याला येऊन तिची चौकशी करते. ते तुमच्याच देशाकडचे आहेत. दोघेही म्हातारे आहेत."

आपल्या माणसांपैकी कोणी अशा रांगेत असेल, ही शंकाही आमच्या मनाला शिवली नव्हती. परदेशी गेलेला आपला प्रत्येक माणूस सुखवस्तूच असतो, ही आपली पक्की समजूत. ते जोडपे कोण, कोणत्या गावचे, मुलाबाळांनी पाठ फिरवली की परिस्थितीने, हे मुलीने विचारले नाही आणि त्या बाईंनीही सांगितले नाही. तसे न विचारणेच योग्य होते. मुलीने फक्त मांडवाशी दुधीचे एक आळे अधिक केले. उन्हाळाभर दर शनिवारी गाजरांच्या पेटीवर दोन कोवळे दुधी जात राहिले.

आदल्या वर्षी आम्ही तोच दुधी त्याच टेबलावर ठेवला होता. भाजी तीच, हात तेच, टोपलीही तीच. पण त्या वर्षी ती आम्हाला नको होती म्हणून गेली होती आणि या वर्षी ती कोणाला तरी हवी होती म्हणून पेरली होती.

ज्या वाचकांची मुले-लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आता उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाल, परसातले दुधी-कारली पाहून हरखून जाल, तेव्हा एकदा गावातल्या पँट्रीत जाऊन या. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. तेथल्या माणसांना विचारा की, त्यांना काय हवे आहे. टोपली पुढच्या वर्षी न्या.